एका आर्गो फ्लोटपासून सुरुवात: समुद्रनिरीक्षण शिकू पाहणाऱ्यांसाठी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं. अशा वादळांआधी अरबी समुद्र किती तापलाय हे उपग्रह सांगतो, पण त्याला दिसतो तो पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा. ती ऊब खाली किती खोल गेलीय, वीस मीटर की साठ मीटर, हे त्याला कळत नाही. वादळाच्या दृष्टीने मात्र तेच फार महत्त्वाचं. ऊब पातळ थरात असेल तर वारा पाणी ढवळतो, खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाचं इंधन तुटतं. थर जाड असेल तर कितीही ढवळलं तरी वर गरमच पाणी येत राहतं.

हे जाणून घ्यायचं तर कुणीतरी तापमापक घेऊन पाण्यात उतरलं पाहिजे. गेली वीसहून जास्त वर्षं हे काम आर्गो नावाचे फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप वरखाली होत मोजमाप घेणारी यंत्रं, करताहेत. जगाच्या समुद्रांत आज असे सुमारे ४,००० फ्लोट आहेत आणि त्यांची मोजमापं कुणालाही फुकट मिळतात. तुम्हालाही.

समुद्रशास्त्रात यायचं तर सुरुवात कुठून करू, असं मला विज्ञान शाखेची मुलं विचारतात, इंजिनिअरिंगची विचारतात, कधी कधी शाळेतले शिक्षकही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. एक फ्लोट निवडा, त्याचा क्रमांक वहीत लिहा आणि तीन महिने दर दहा दिवसांनी त्याचं नवं मोजमाप स्वतः उघडून बघा. नकाशे, मॉडेल, यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) हे सगळं नंतर. आधी एका यंत्राची, समुद्राच्या एका तुकड्याची ओळख होऊ द्या. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. लागणार काय, तर साधा लॅपटॉप, इंटरनेट, एक जाड वही आणि चिकाटी.

पायरी १: कोण काय मोजतं ते समजून घ्या

यात फार वेळ घालवू नका, पण गोंधळ नको म्हणून एवढं माहीत असू द्या. उपग्रह पृष्ठभागाचं तापमान, पाण्याची उंची, रंग, वारा बघतो. पसारा मोठा, खोली शून्य. नांगरलेला बॉय, म्हणजे यंत्रं बसवलेला तरंगता पिंप, एकाच जागी उभा राहून तासातासाला मोजतो. वाहता बॉय, म्हणजे ड्रिफ्टर, प्रवाहाबरोबर जातो आणि प्रवाहाची दिशा दाखवतो. ग्लायडर पंख असलेला असतो, त्याला किनाऱ्यावरून वाट सांगता येते. भरतीमापक बंदरात बसून पाण्याची पातळी लिहितो. मुंबईच्या अपोलो बंदरची नोंद १८७८ पासूनची आहे, हिंद महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. आणि जहाज, जे महाग आहे, हळू आहे, पण बाकी सगळ्यांची परीक्षा शेवटी त्याच्याच मोजमापावर होते.

आपल्याकडे ही कामं वाटलेली आहेत. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, १९९९ साली सुरू झालं. भारताच्या आर्गो फ्लोटची माहिती तिथे गोळा होते, त्सुनामीचा इशारा आणि मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागांची सूचनाही तिथूनच जाते. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था बॉय बांधते, समुद्रात नांगरते आणि त्यांची देखभाल करते. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासून. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. मुंबईकरांनी हेही लक्षात ठेवावं की दोनापावलाच्या संस्थेचं एक विभागीय केंद्र अंधेरीत आहे. हैदराबाद, चेन्नई आणि वास्कोच्या संस्था पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येतात, दोनापावलाची सीएसआयआरखाली, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेखाली. अर्ज करताना हा फरक उपयोगी पडतो, कारण शिष्यवृत्त्यांचे मार्ग वेगळे आहेत.

पायरी २: फ्लोट चालतो कसा ते डोळ्यांसमोर आणा

हे नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचे आकडे वाचताना याचीच आठवण ठेवावी लागते.

माणसाच्या उंचीच्या आसपासचा, वीस-तीस किलोचा एक नळकांडा. वरच्या टोकाला अँटेना आणि तापमान, क्षारता, दाब मोजणारे सेन्सर. आत बॅटरी, पंप आणि थोडं तेल. खाली रबरी पिशवी. पंप तेल पिशवीत ढकलतो, पिशवी फुगते, फ्लोटचं वजन तेवढंच राहून आकारमान वाढतं आणि तो वर येतो. तेल आत ओढलं की खाली जातो. पंखा नाही, सुकाणू नाही. मासाही पोटातल्या हवेच्या पिशवीने वरखाली होतो, तसंच हे.

त्याचा दिनक्रम असा. पृष्ठभागावरून १,००० मीटर खोल जायचं आणि तिथे नऊ-दहा दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहायचं. मग २,००० मीटरपर्यंत उतरायचं आणि तिथून वर येता येता मोजत यायचं. सेकंदाला साधारण दहा सेंटिमीटर या वेगाने वर यायला पाच-सहा तास लागतात. वर आला की उपग्रहाला आपली जागा आणि मोजमाप सांगतो आणि पुन्हा बुडी मारतो. या दहा दिवसांच्या फेरीला सायकल म्हणतात, आणि वर येताना झालेल्या मोजमापाला प्रोफाइल. चार-पाच वर्षं असं चालतं. मग बॅटरी संपते.

पहिले फ्लोट १९९९-२००० च्या सुमारास सोडले गेले, ३,००० चं उद्दिष्ट २००७ च्या नोव्हेंबरात पुरं झालं, आणि २०१२ मध्ये दहा लाखावं प्रोफाइल नोंदवलं गेलं. जहाजांनी शंभर वर्षांत जमवलं नव्हतं इतकं हे मोजमाप आहे. त्यातही पावसाळ्यातलं मोजमाप हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जूनमध्ये अरबी समुद्र खवळलेला असताना छोट्या होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, मोठ्या जहाजालाही काम करणं जड जातं. त्या दिवसांतही फ्लोट ठरल्या वेळी वर येतोच.

अलीकडच्या काही फ्लोटवर विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, हरितद्रव्य, आम्लता मोजणारे सेन्सरही असतात. त्यांना बीजीसी (बायोजिओकेमिकल, म्हणजे जैव-भू-रासायनिक) फ्लोट म्हणतात. काही ६,००० मीटरपर्यंत जाणारे आहेत. पहिल्यांदा साधाच निवडा.

पायरी ३: आपला फ्लोट निवडा

आर्गोच्या ताफ्याचे नकाशे इंटरनेटवर उघडे आहेत. आर्गोव्हिज हे त्यांतलं नवख्यांना सोपं पडणारं. अरबी समुद्रावर या आणि अक्षांश १४ ते १९ उत्तर, रेखांश ६६ ते ७२ पूर्व या चौकटीत बघा. किनाऱ्याला लागून एकही ठिपका दिसणार नाही. याचं कारण पाण्याच्या खोलीत आहे: मुंबईसमोरचा उथळ पट्टा तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, गोव्याकडे तो निम्म्याहूनही कमी होतो. २,००० मीटर उतरणाऱ्या यंत्राला त्यापलीकडेच जावं लागतं.

निवडताना तीन गोष्टी बघा. फ्लोट चालू आहे का, म्हणजे शेवटची फेरी गेल्या दहा-पंधरा दिवसांतली आहे का. त्याच्या निदान तीस-चाळीस फेऱ्या झाल्या आहेत का, म्हणजे मागचा पावसाळा आणि हिवाळा दोन्ही बघायला मिळतील. आणि त्याच्या आसपास दुसरा एखादा फ्लोट आहे का, कारण पुढे तुलना करायची आहे. प्रत्येकाला सात आकडी क्रमांक असतो. भारताने सोडलेल्या बऱ्याच फ्लोटचे क्रमांक २९० ने सुरू होतात. क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पायरी ४: फाइल उतरवा आणि आत डोकवा

सगळी माहिती दोन जागतिक केंद्रांवर एकसारखी ठेवलेली असते, एक फ्रान्समधल्या ब्रेस्टला आणि दुसरं अमेरिकेत मॉन्टेरेला. एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. तिथे देशांच्या केंद्रांच्या नावाने फोल्डर आहेत. भारताचे फ्लोट इन्कॉइसच्या फोल्डरमध्ये, त्याच्या आत क्रमांकाचा फोल्डर, त्याच्या आत प्रत्येक फेरीची वेगळी फाइल.

फाइल नेटसीडीएफ प्रकारची असते. ती एक्सेलमध्ये उघडायचा आटापिटा करू नका. पायथन येत असेल तर एक्सअ‍ॅरे किंवा खास आर्गोसाठी बनवलेलं आर्गोपाय वापरा. येत नसेल तर ओशन डेटा व्ह्यू हे सॉफ्टवेअर घ्या, शिक्षणासाठी ते मोफत आहे. पहिल्या महिन्यात मी स्वतः याच मार्गाने पाठवते, कारण प्रोग्रॅमिंगच्या चुका आणि समुद्राच्या गोष्टी एकाच वेळी शिकायला बसलं की दोन्हींचा कंटाळा येतो.

आत गेल्यावर अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत.

तारीख. ती जुल्ड नावाच्या रकान्यात असते आणि १ जानेवारी १९५० पासून किती दिवस झाले ते सांगते. २७०००.५ दिसलं तर ४ डिसेंबर २०२३, दुपारचे बारा. पण हे बारा जागतिक वेळेचे. आपल्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मे महिन्यात वारा पडलेला असताना पृष्ठभाग दिवसा तापतो आणि रात्री निवतो, तेव्हा हे साडेपाच तास विसरलात तर दुपारच्या उन्हाला पहाट समजाल.

दाब. फ्लोटला खोली कळत नाही, दाब कळतो, डेसिबारमध्ये. एक डेसिबार म्हणजे जवळजवळ एक मीटर, पण अगदी तंतोतंत नाही. सुरुवातीला सारखंच धरलं तरी चालेल; वहीत मात्र ‘डेसिबार’ असंच लिहा.

रिकाम्या जागा. कुठे ९९९९९ असा आकडा दिसला तर ते मोजमाप नाही, तिथे काही मिळालं नाही असा त्याचा अर्थ. हा आकडा सरासरीत शिरला की समुद्र उकळायला लागतो.

आणि फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर. ‘आर’ असेल तर मोजमाप ताजं आहे, फ्लोट वर आल्यापासून साधारण चोवीस तासांत आपोआप तपासून टाकलेलं. ‘डी’ असेल तर जाणत्या माणसाने बसून, शेजारच्या मोजमापांशी ताडून, दुरुस्त केलेलं. त्याला वर्षभर लागू शकतं. प्रत्येक मोजमापाचे दोन रकाने असतात, मूळ आणि दुरुस्त केलेला. दुरुस्त रकाना भरलेला असेल तेव्हा तोच वापरायचा.

पायरी ५: चित्र काढा, खोली खाली

आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब, आणि शून्य वर. पहिलं चित्र हाताने आलेखाच्या कागदावर काढा असा माझा आग्रह आहे. मुलं कुरकुरतात. पण वीस-पंचवीस ठिपके स्वतः मांडल्यावर पेन्सिल जिथे एकदम डावीकडे वळते ती जागा कायमची लक्षात राहते.

मे महिन्यातलं प्रोफाइल घेतलंत तर वर तीस अंशांच्या आसपास पाणी दिसेल. काही मीटर, कधी वीस, कधी चाळीस, तापमान जवळजवळ तेच राहतं. हा मिसळलेला थर. मग रेघ झपाट्याने वळते, शंभर-दीडशे मीटरमध्ये पाणी कितीतरी अंशांनी थंड होतं, ही थर्मोक्लाइन. त्यानंतर उतार मंदावतो. १,००० मीटरवर आठ-नऊ अंशांच्या आसपास, २,००० मीटरवर तीनच्या जवळपास. तीन अंश! आपल्या फ्रिजमधल्या पाण्याइतकं गार पाणी कोकणच्या घामाघूम मे महिन्यात त्या निळ्या पसाऱ्याखाली कायम पडून आहे, हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढलेल्या रेघेत बघताना जे वाटतं ते नकाशा बघून वाटत नाही.

आता क्षारतेची रेघ काढा. ही जास्त बोलकी आहे. अरबी समुद्रावर पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून वरचं पाणी खारट, ३६ च्या आसपास, म्हणजे किलोभर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी ओतत असतात, म्हणून तिथलं वरचं पाणी बरंच गोडं. खाली उतरताना रेघ सरळ कमी होत जाईल असं वाटतं, पण मध्ये ती पुन्हा खारट बाजूला फुगलेली दिसू शकते. दोनशे-तीनशे मीटरच्या आसपास असेल तर ते इराणच्या आखातातून आलेलं पाणी असण्याची शक्यता आहे. आणखी खाली, सहाशे ते आठशे मीटरच्या पट्ट्यात, तांबड्या समुद्राचं. उथळ, उन्हाने आटलेल्या त्या समुद्रांतलं पाणी इतकं जड होतं की अरुंद सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर ते खाली सरकतं आणि आपल्या घनतेची पातळी सापडली की तिथे पसरतं. हजारो किलोमीटर दूरच्या पाण्याची ओळख तुमच्या आलेखावरच्या एका फुगवट्यात उरते.

एक प्रोफाइल झालं की मागची वर्षभराची एकाखाली एक मांडा. मिसळलेला थर पावसाळ्यात जाड होताना दिसेल, कारण वारा ढवळतो. हिवाळ्यात पुन्हा जाड होईल, कारण वरचं पाणी थंड आणि जड होऊन खाली बसतं. फ्लोट दक्षिणेकडे, किनाऱ्याच्या उथळ पट्ट्याच्या कडेला असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत वरची क्षारता घसरलेली सापडू शकते: बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने उत्तरेकडे येतं. दिसलं नाही तर नाराज होऊ नका. तुमचा फ्लोट त्या पाण्याच्या वाटेवर नव्हता, एवढंच.

पायरी ६: आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा

प्रत्येक मोजमापाशेजारी एक दर्जाचा आकडा असतो. १ म्हणजे चांगलं, २ म्हणजे बहुधा चांगलं, ३ बहुधा वाईट, ४ वाईट, ९ म्हणजे मोजमापच नाही. नवशिक्याने १ आणि २ शिवाय कशालाही हात लावू नये. जागेला आणि तारखेलाही असा दर्जा असतो, तोही बघा.

मी शिकत होते तेव्हा एका फ्लोटच्या क्षारतेत मला सावकाश चढत जाणारी रेघ सापडली होती. सहा महिन्यांत ती इतकी स्पष्ट वाढली की मी रात्री जागून त्याचं कारण लिहायला घेतलं: बाष्पीभवन, कमकुवत हिवाळा, आखाती पाणी. माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘१,८०० मीटरवर काय आहे ते बघितलंस?’ तिथेही तीच वाढ होती, तेवढीच. आणि १,८०० मीटरवरचं पाणी सहा महिन्यांत तसं बदलत नाही. बदलत होता तो सेन्सर. ती पानं फाडून टाकायला मला तेव्हा वाईट वाटलं, पण तो प्रश्न आज मी प्रत्येक नव्या मुलाला विचारते.

तुम्हीही तसंच करा. आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्या अक्षावर तापमान मांडून एक आलेख काढा आणि दहा-वीस फेऱ्या एकावर एक ठेवा. खोल पाण्याच्या रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. प्रत्येक फेरीला त्या उजवीकडे सरकत असतील तर समुद्र खारट होत नाही, यंत्र बिघडतंय. काही वर्षांपूर्वी जगभरातल्या बऱ्याच फ्लोटचे सेन्सर असे वेळेआधीच खारट आकडे दाखवू लागले होते, आणि ते पकडलं गेलं ते माणसांनी खोल पाण्याकडे बघितलं म्हणून. तपासून दुरुस्त केलेल्या मोजमापात क्षारतेची अचूकता ०.०१ पर्यंत नेण्याचं आर्गोचं ध्येय आहे. त्यामुळे दुसऱ्या दशांशातला बदल हाही इथे मोठा बदल असतो.

ही दुरुस्ती कशाच्या आधारावर होते? जहाजावरून केलेल्या सीटीडी मोजमापाच्या. सीटीडी म्हणजे तारेने पाण्यात सोडायचं, क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. म्हणजे यंत्रं कितीही आपोआप चालणारी असोत, कुणीतरी जहाजावर जाऊन पाण्याच्या बाटल्या भरल्या नाहीत तर फ्लोट खरं बोलतोय की नाही हे कळायला मार्ग नाही.

पायरी ७: शेजाऱ्यांशी ताडून बघा

एका फ्लोटची ओळख झाली की त्याच्या वरच्या पाच मीटरचं तापमान उपग्रहाच्या त्याच दिवसाच्या तापमानाशी ताडा. मग जवळच्या नांगरलेल्या बॉयशी. भारताच्या ओम्नी बॉयपैकी ‘एडी’ ने सुरू होणारे अरबी समुद्रात आहेत, ‘बीडी’ वाले बंगालच्या उपसागरात. विषुववृत्ताच्या आसपास रामा नावाची बॉयची रांग आहे, २००४ पासून उभी राहत गेलेली, अमेरिका, भारत, जपान, इंडोनेशिया अशा अनेक देशांच्या जहाजांच्या आणि लोकांच्या कष्टातून. तुलनेत फरक आला तर घाईने कुणाला चूक ठरवू नका. वेळ जुळते का, अंतर किती, उपग्रहाच्या वाटेत ढग होते का, हे आधी बघा.

पायरी ८: सहकार्य कसं चालतं, आणि त्यात आपली वागणूक

फ्लोटला सरहद्द कळत नाही. भारताने सोडलेला फ्लोट ओमानच्या पाण्यात जाऊ शकतो, दुसऱ्याचा आपल्याकडे येऊ शकतो. १९९९ मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने ठराव केला की ज्या देशाच्या सागरी क्षेत्रात फ्लोट वाहत जाण्याची शक्यता आहे त्याला आधी कळवायचं. त्यामागे देवघेव सरळ आहे: तुमच्या पाण्यात माझं यंत्र येईल, त्याबदल्यात त्याचा प्रत्येक आकडा तुमच्यासाठीही उघडा.

ही रीत हिंद महासागरात नवी नाही. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजं इथे येऊन गेली आणि तिच्याच पोटातून गोव्याची संस्था जन्मली. पन्नास वर्षांनी दुसरी मोहीम सुरू झाली तीही गोव्यातून. डिसेंबर २०१५ मध्ये सागर निधी हे जहाज मुरगाव बंदरातून मॉरिशसकडे निघालं. २०१६ च्या पावसाळ्यात भारत आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागरात एकत्र काम केलं: जहाज आपलं, सिंधू साधना, आणि त्यावरून सोडलेले ग्लायडर त्यांचे. एकट्याला परवडणार नाही असं मोजमाप दोघांनी मिळून करणं, हे इथलं सहकार्य.

तुमच्या पातळीवर ते याहून साधं आहे. आकडे वापरलेत तर आर्गो प्रकल्पाचा आणि त्यात भाग घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमांचा उल्लेख करा, कॉलेजच्या प्रकल्पातही. आकडे फुकट असले तरी बेवारस नाहीत. शंका आली तर केंद्राला किंवा फ्लोटच्या मुख्य शास्त्रज्ञाला लिहा, फाइलमध्येच त्यांचं नाव असतं. पण लिहायचं असं की समोरच्याला पाच मिनिटांत कळेल: फ्लोटचा क्रमांक, फेरीचा क्रमांक, कोणत्या दाबावर, काय दिसलं, काय अपेक्षित होतं, आणि सोबत एक आलेख. ‘सर, मला अरबी समुद्राचा डेटा पाठवा’ अशा पत्राला उत्तर येत नाही, येऊही नये. नीट पत्राला उत्तर येतं असा माझा अनुभव आहे, आणि चूक खरी निघाली तर दर्जाचा आकडा बदललेला तुम्हाला दिसतोही.

पायरी ९: बंदरावर जा

समुद्रनिरीक्षणातला सगळ्यात दुर्लक्षित भागीदार म्हणजे मासेमारी करणारा माणूस. नांगरलेल्या बॉयखाली सावलीला मासे जमतात, म्हणून होड्या तिथे येतात, बॉयला दोर बांधतात, कधी सेन्सर तुटतात, कधी सोलर पॅनेल जातं. जगभर हे होतं. त्याला चोरी म्हणून गप्प बसणं सोपं आहे. एका जेटीवर तांडेल काकांनी मला विचारलं होतं, ‘त्या पिवळ्या डब्यातनं आमच्यावर नजर ठेवतात काय?’ वादळाचा इशारा याच डब्याच्या आकड्यांवर उभा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वीस मिनिटं बोलणं झालं. शेवटी त्यांनीच विचारलं की हा बंद पडला तर कुणाला कळवायचं.

त्यांना आणि तुम्हालाही माहीत असावं: फ्लोट जाळ्यात आला किंवा वाळूत सापडला तर तो उघडू नका, फोडू नका, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. आत लिथियम बॅटरी असू शकते आणि बिघडलेल्या फ्लोटमध्ये दाबही साठलेला असू शकतो. अंगावरच्या पट्टीवरचा क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा, तटरक्षक दलाला किंवा मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मंडळी घरी असतात, जाळी विणत बसलेली. बोलायला तोच काळ चांगला. आणि बोलताना ऐकायचंही आहे. पाण्याचा रंग कधी बदलला, ओढ कुठल्या दिशेला होती, मासळी कुठल्या आठवड्यात खोल गेली, हे त्यांना तोंडपाठ असतं. तारखेसकट लिहून घ्या.

पायरी १०: पुढचं शिक्षण आणि पहिली सफर

भौतिकशास्त्र, गणित, रसायन, प्राणिशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, यापैकी कशातूनही इथे येता येतं. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आणि विशाखापट्टणचं आंध्र विद्यापीठ या विषयातली जुनी घरं. हैदराबादला इन्कॉइसच्या आवारात प्रत्यक्ष वापरातल्या समुद्रविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे छोटे अभ्यासक्रम होतात आणि शेजारच्या देशांतली मुलंही येतात. यंत्रं हाताळायची आवड असेल तर चेन्नईकडे बघा. या क्षेत्रात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपेक्षा पाण्यात टिकणारा जोड बनवू शकणारी माणसं कमी आहेत.

जहाजावर जायची संधी आलीच तर उलटीचं औषध जहाज हलायच्या आधी घ्या, नंतर नाही. चार तासांची पाळी असते, मग ती मध्यरात्रीची का असेना. सीटीडी २,००० मीटर खाली जाऊन, बाटल्या भरत वर यायला दीड-दोन तास लागतात. तोवर नोंदवही पेन्सिलीने लिहा, शाई खाऱ्या पाण्याने पसरते. वर आलेल्या बाटल्यांतून पाणी काढायचाही क्रम असतो: प्राणवायूचा नमुना सर्वांत आधी, कारण बाटली उघडली की हवा आत शिरू लागते, मग पोषकद्रव्यं, क्षारता शेवटी. प्राणवायूच्या कुपीत नळी तळाशी नेऊन पाणी सावकाश सोडायचं, ओसंडू द्यायचं, आणि झाकण लावल्यावर कुपी उलटी करून उजेडात धरायची. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी नमुना ओतून पुन्हा घ्यायचा. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू इतका कमी असतो की तो एक बुडबुडाही आकडा खोटा ठरवतो.

शेवटची एक गोष्ट, कारण ती घडणारच आहे. एखाद्या दिवशी तुमच्या फ्लोटची फेरी येणार नाही. अकराव्या दिवशी थांबा, विसाव्या दिवशी पुन्हा बघा. कधी उपग्रहाशी बोलणं चुकतं आणि पुढच्या फेरीला तो परत येतो. दोन महिने काहीच आलं नाही तर तो गेला असं धरा. शेवटची फेरी, तारीख, अक्षांश-रेखांश वहीत लिहा, एकूण फेऱ्या मोजा आणि वर्षभराने फोल्डर पुन्हा उघडून ‘डी’ च्या फाइली आल्यात का ते बघा. त्या आल्या की आपले जुने आलेख पुन्हा काढून दोन्ही रेघांतला फरक लिहून ठेवा. मग नकाशा उघडा आणि शेजारच्या ठिपक्याचा क्रमांक नव्या पानावर लिहा.